मामांच्या वहीतला ‘पोक १०५०’: सी भाषेशिवाय मेमरीला हात लावायचे कसे?

सहावी गल्ली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

गेल्या आठवड्यात मामांचं कपाट आवरताना त्यांची एक दोनशे पानी वही सापडली. मामा उद्यमनगरात एका फौंड्रीच्या ऑफिसात होते. १९९० च्या आसपास तिथं पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनीच तो शिकून घेतला होता. आता मामा नाहीत, त्यामुळं घरात विचारावं असं कुणी नाही. वहीत हजेरी, पगारपत्रक, भट्टीच्या चार्जचं वजन असं बरंच काही बेसिकमध्ये लिहिलंय. ते वाचलं की समजतं. पण मधेच लाल पेनानं चौकट करून ही ओळ आहे:

डेफ सेग = ० : पोक १०५०, पीक(१०५२)

आणि खाली त्यांच्या अक्षरात, ‘दाबलेली बटणं साफ. प्रत्येक होय/नाही विचारण्याआधी.’ पुढच्या पानावर दुसरी:

डेफ सेग = &एचबी८०० : पोक १६४०, ६५

याच्यापुढं नुसतं ‘ए दिसतो’ एवढंच लिहिलंय.

आम्हाला वर्गात सांगितलंय की मेमरीच्या पत्त्यावर थेट लिहिणं फक्त सीमध्ये जमतं, बेसिक आणि पास्कल या शिकण्यापुरत्या भाषा. मग मामा हे काय करत होते? मी घरी लिनक्सवर सीमध्ये ०एक्सबी८००० या पत्त्यावर ‘ए’ लिहून बघितला, तर सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्रॅम बंद पडला. म्हणजे बेसिकला जे जमत होतं ते सीला जमेना असं झालं. कुणी त्या काळात काम केलेलं असेल तर नीट सांगा. मला ही वही समजून घ्यायची आहे.

बिंदू चौक

फॉल्ट सीनं दिलेला नाही, प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीमनं मिळून दिलाय. आज प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी मेमरी दाखवली जाते. तू लिहिलेला पत्ता खऱ्या रॅमचा नसतोच, तो आधी पेज टेबलमधून, म्हणजे मेमरीचं कुठलं पान खऱ्या रॅममध्ये कुठं आहे त्या यादीतून जातो. तिथं तुझ्या नावावर ते पान नसेल तर प्रोसेसर तिथंच अडवतो. इंटेलच्या घराण्यात हे पेजिंग ८०३८६ पासून आलं, १९८५ साली. मामांच्या मशीनवर ८०८८ असेल, किंवा वरचा असला तरी डॉस त्याला ८०८६ सारखाच वागवत होतं. तिथं अडवणारं कुणी नव्हतं. डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या मशीनवर जुनं डॉस चालवणारा प्रोग्रॅम टाक आणि त्यात जीडब्ल्यू-बेसिक घेऊन वहीतल्या ओळी जशाच्या तशा चालवून बघ.

गूळपट्टी

सहावी गल्ली, तुझ्या मामांच्या त्या लाल चौकटीनं मला तीस वर्षं मागं नेलं. मी १९९१ ते ९७ मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहीत होतो, आधी जीडब्ल्यू-बेसिकमध्ये आणि मग टर्बो पास्कलमध्ये. ही ओळ माझ्याही वहीत होती. जरा सविस्तर सांगतो.

आधी ती ओळच बघू. पोक म्हणजे त्या पत्त्यावर आकडा लिहायचा, पीक म्हणजे तिथला आकडा वाचायचा. बटण दाबलं की त्याचा आकडा एका छोट्या रांगेत जाऊन बसतो. ही रांग बत्तीस बाइटची, गोल फिरणारी, पंधरा बटणं मावणारी. रांगेचं डोकं कुठं आहे ते १०५० या पत्त्यावर लिहिलेलं असतं आणि शेपूट कुठं आहे ते १०५२ वर. दोन्ही सारखे झाले की रांग रिकामी. म्हणून मामा १०५२ वाचून १०५० वर ठेवत होते, झालं. याची गरज का पडायची ते आजच्या मशीनवर कळणार नाही. फ्लॉपीवर नोंद लिहायला चार-पाच सेकंद लागायचे, तेवढ्यात दिवाणजी घाईनं तीनदा एंटर मारायचे. फ्लॉपी थांबली की ते साठलेले एंटर पुढच्या प्रश्नाला उत्तर म्हणून जायचे आणि न बघितलेली पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, ‘होय’ होऊन सेव्ह व्हायची. मामांनी ‘प्रत्येक होय/नाहीच्या आधी’ असं लिहिलंय, त्यावरनं त्यांनाही हा अनुभव आलेला दिसतो.

आता हेच काम तीन भाषांत बघ.

बेसिक: डेफ सेग = ० : पोक १०५०, पीक(१०५२)
टर्बो पास्कल: मेम[०:$४१ए] := मेम[०:$४१सी];
टर्बो सी: पोकबी(०, ०एक्स४१ए, पीकबी(०, ०एक्स४१सी));

हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीत, ४१ए म्हणजेच आपला १०५०. टर्बो सीमध्येसुद्धा पीक आणि पोक नावाचीच फंक्शनं दिली होती, हे तुझ्या वर्गात जरूर सांग.

फक्त सीलाच जमतं हे म्हणणं मला पटत नाही, कारण मूळ भाषा म्हणून बघितलं तर यातल्या एकीलाही बी८०० हा स्क्रीनचा पत्ता माहीत नव्हता. बेसिक १९६४ साली डार्टमथला जन्मली, तिथं एका मोठ्या मशीनवर अनेक विद्यार्थी एकाच वेळी बसायचे. तिथं एकानं दुसऱ्याच्या मेमरीत लिहून कसं चालेल? म्हणून त्या बेसिकमध्ये पोक नव्हता. तीच भाषा एकट्या माणसाच्या टेबलावरच्या छोट्या मशीनवर आली आणि तिला पीक-पोक मिळाले. पास्कल तयार करणाऱ्या विर्थच्या मूळ पास्कलमध्ये मेम नाही, ती टर्बोवाल्यांनी घातलेली सोय. आणि सीमधला ‘फार’ पॉइंटर, म्हणजे लांबचा पत्ता धरणारा, तोसुद्धा सीच्या स्टँडर्डमध्ये नाही, तोही पीसीसाठी जोडलेला. मशीनला कुलूप नव्हतं म्हणून कंपायलर करणाऱ्यांनी आपापल्या भाषेत आत जायची वाट काढून दिली. ज्यांनी दिली नाही त्या भाषा अडल्या. डीबेस थ्री प्लसमध्ये आमच्या यार्डात कितीतरी हिशेब चालायचे, त्यात पोक नाही. असेंब्लीत लिहिलेली फाइल ‘लोड’ करून ‘कॉल’ करायची, एवढाच मार्ग.

मग भाषांत फरक नव्हता का? होता, आणि तो मी अंगावर घेऊन शिकलो.

८०८८ चे रजिस्टर सोळा बिटांचे, पण पत्ता वीस बिटांचा. म्हणून पत्ता दोन आकड्यांत लिहायचा, सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला सोळानं गुणायचं आणि ऑफसेट मिळवायचा. बी८०० ला सोळानं गुणलं की ७५३६६४. रंगीत कार्डाची अक्षरांची स्क्रीन तिथनं सुरू होते. ऐंशी अक्षरं, पंचवीस ओळी, प्रत्येक जागेला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. एकूण ४०००. मामांचा १६४० म्हणजे (१० × ८० + २०) × २. शून्यापासून मोजतो म्हणून अकराव्या ओळीत एकविसाव्या जागी ‘ए’.

बेसिकचा पोक फक्त ऑफसेट घेतो. सेगमेंट आधी डेफ सेगनं सांगून ठेवायचा आणि तो तसाच राहतो. सगळी गोम इथं आहे. माझ्या पट्टीच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात वरची ओळ, शेतकऱ्याचं नाव आणि गाव, मी उलट्या रंगात दाखवत होतो. त्यासाठी त्या ओळीच्या प्रत्येक रंगाच्या बाइटवर, म्हणजे १, ३, ५ असं करत १५९ पर्यंत, ११२ पोक करायचं. एका दिवशी सौदे भरात असताना मी आदल्या रात्री केलेली दुरुस्ती चालवली. बटणं साफ करायला डेफ सेग = ० केलं होतं, ते परत बी८०० करायचं राहिलं. झालं काय, ते सगळे ११२ स्क्रीनवर न जाता मेमरीच्या अगदी सुरुवातीला गेले. तिथं इंटरप्टचा, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरनं कुठं जायचं त्या पत्त्यांचा तक्ता असतो, प्रत्येक इंटरप्टला चार बाइट. आठवा टायमरचा, पत्ता ३२ ते ३५. नववा कीबोर्डचा, ३६ ते ३९. टायमर सेकंदाला अठरा वेळा ठोका देतो. ३३ व्या बाइटवर ११२ पडल्यावर पुढच्या ठोक्याला प्रोसेसर भलत्याच जागी उडी मारून गेला. मशीन गोठलं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून काही नाही. शेवटी मागचं स्विच बंद केलं. फाइल उघडी होती, सकाळपासूनच्या पट्ट्या त्यात नीट बसलेल्या नव्हत्या. त्या रात्री हमाली, तोलाई, अडत, सेस सगळं कच्च्या वहीवरनं परत टाइप केलं. दुकानाचे मालक शेजारी बसून एकेक रवा, म्हणजे गुळाची ढेप, वाचून दाखवत होते.

पास्कलला वळलो तो या रात्रीमुळं. टर्बो पास्कलमध्ये असं लिहिता येतं:

व्हार स्क्रीन: अॅरे[१..२५, १..८०] ऑफ वर्ड अॅब्सोल्यूट $बी८००:०;

म्हणजे ‘स्क्रीन’ नावाचा अॅरे, आणि तो बरोबर या पत्त्यावर. आता मी स्क्रीन[१, ५] म्हटलं की ते दुसरीकडं कुठंही जाऊ शकत नाही. मधे कुणी सेगमेंट बदलून ठेवलं अशी भीती नाही. शिवाय रेंज चेकिंग चालू ठेवलं आणि चुकून सव्विसावी ओळ मागितली, तर प्रोग्रॅम २०१ नंबरची एरर देऊन थांबतो, मेमरी खराब करत नाही. यंत्राच्या पोटात हात घालायचा आणि तरीही भाषेचा पहारा चालू ठेवायचा, हे दोन्ही एकत्र मला फक्त तिथं मिळालं. शेतकऱ्यांच्या यादीची खिडकी उघडायच्या आधी ‘मूव्ह’नं चार हजार बाइट बाजूला ठेवायचे आणि खिडकी बंद झाली की परत आणायचे. डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं.

बेसिकमध्ये तेवढा वेग कधी मिळाला नाही. पोकनं अख्खी स्क्रीन भरणं प्रिंटपेक्षा हळूच होतं, कारण प्रत्येक पोक इंटरप्रिटर नव्यानं वाचतो. फक्त रंगाचे बाइट बदलायला पोक बरा. पूर्ण स्क्रीन हवी असेल तर बीसेव्ह आणि बीलोड वापरायचो, ते एका दमात चार हजार बाइट उचलतात.

सी मी नंतर शिकलो. तिची ताकद वेगळी. तिथं पत्ता ही स्वतःच एक किंमत आहे. ती व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, फंक्शनला देता येते, एकेक पाऊल पुढं सरकवता येते, आणि तिथं बाइट आहे की इंटिजर की आख्खं स्ट्रक्चर हे तिच्या टाइपमध्येच लिहिलेलं असतं. बेसिकला पत्ता म्हणजे नुसता आकडा. पण सीचा पॉइंटर चार हजाराच्या पुढं चालत गेला तर कुणी हटकत नाही. अडत दुकानाच्या कामाला मी आजही अॅब्सोल्यूटच निवडेन.

एक राहिलं. बी८०० हा पत्ता सगळ्या मशीनचा नव्हे. माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं हिरवा मोनोक्रोम मॉनिटर होता. तिथं प्रिंटचं सगळं दिसलं, पण उलटी ओळ दिसेना, आणि एररही नाही. मोनोक्रोम कार्डाची अक्षरं बी००० वर असतात, त्याच्या बी८०० वर काहीच नव्हतं, लिहिलेलं हवेत गेलं. दोन तास मी आकडेच तपासत बसलो होतो. नंतर कायमची ओळ घातली: सेगमेंट ० मध्ये हेक्स ४४९ वाचायचं, ७ असेल तर बी०००, नाहीतर बी८००. तिथं कार्ड कुठल्या मोडमध्ये आहे ते लिहिलेलं असतं.

कळंबा रोड

गूळपट्टी, तुमच्या पट्ट्यांची गोष्ट वाचून पोटात गोळा आला. मात्र बेसिकबद्दल थोडं वेगळं मत मांडते.

बेसिक म्हणजे फक्त पीसीवरची बेसिक नव्हे. १९८४ पासून शाळांत संगणक शिकवायच्या सरकारी क्लास प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, त्यातलं एक आमच्या शाळेत होतं. मी नववीत होते. त्यातल्या बेसिकमध्ये पीक-पोक नाहीतच. त्याऐवजी प्रश्नचिन्ह. ?&७सी०० = ६५ म्हटलं की मोड ७ मध्ये, म्हणजे अक्षरांच्या स्क्रीनवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘ए’. वाचायलाही तेच चिन्ह, म्हणजे मामांची ओळ त्या पद्धतीनं लिहिली तर ?१०५० = ?१०५२ इतकीच होते. चार बाइट एकदम हवे असतील तर उद्गारचिन्ह, अख्खी स्ट्रिंग हवी तर डॉलर. डिम करून हवी तेवढी जागा राखून घ्यायची आणि तिथंच असेंब्लीही लिहायची. सीचा * पुढं शिकले तेव्हा तो ओळखीचाच वाटला.

आणि तिथं सेगमेंट नव्हताच. ६५०२ ला एकूण ६४ के, पत्ता एकच आकडा. विसरायला डेफ सेगच नाही. बाहेरची उपकरणं जोडायचे पोर्टसुद्धा मेमरीतच. आमच्या बाईंनी यूजर पोर्टला आठ एलईडी जोडले होते. ?&एफई६२ = २५५ करून सगळ्या तारा बाहेर देणाऱ्या करायच्या, मग ?&एफई६० = १ म्हटलं की पहिला दिवा. एक लिहिलं की खरा दिवा लागतो, दोन लिहिलं की दुसरा, तीनला दोन्ही. बायनरी मला फळ्यावर समजली नव्हती, ती त्या दुपारी समजली. आज मी शाळेत शिकवते आणि अजून तिथनंच सुरुवात करते.

मात्र स्क्रीनवर थेट लिहिण्यात तिथंही खोड होती. मजकूर वर सरकला की मशीन अक्षरं हलवत नसे, स्क्रीनची सुरुवातच पुढं सरकवत असे. मग &७सी०० म्हणजे वरचा कोपरा राहत नसे आणि आपला ‘ए’ भलतीकडं उगवे.

सहावी गल्ली

काका, ताई, मनापासून आभार. काल रात्री डॉसबॉक्समध्ये मामांची दुसरी ओळ चालवली. अकराव्या ओळीत, एकविसाव्या जागी ‘ए’ आला. आईला बोलावून दाखवला. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली होती.

दोन शंका आहेत. एक, त्याच डॉसबॉक्समध्ये टर्बो सीत कॅर *पी = (कॅर *)०एक्सबी८००० असं लिहिलं आणि पी[१६४०] मध्ये ‘ए’ ठेवला. आता फॉल्ट येत नाही, पण स्क्रीनवरही काही येत नाही. दोन, वहीत आणखी एक ओळ मिळाली, इफ इनपी(&एच३७९) अँड ३२ देन ९००, आणि बाजूला ‘कागद’ असा शब्द. इनपी म्हणजे पीकच का?

गूळपट्टी

पहिलं. टर्बो सीचं स्मॉल मॉडेल चालू असणार. त्यात साधा पॉइंटर सोळाच बिटांचा असतो. तुझ्या बी८००० मधला वरचा बी गळून पडला आणि ८००० उरलं, तेही तुझ्याच प्रोग्रॅमच्या डेटा सेगमेंटमधलं. म्हणजे तू स्वतःच्याच घरात कुठंतरी ‘ए’ लिहून आलास. असं लिही:

कॅर फार *पी = एमके_एफपी(०एक्सबी८००, ०);

डॉस.एच फाइल इन्क्लूड कर. आता पॉइंटर बत्तीस बिटांचा, सेगमेंट त्याच्याबरोबरच फिरतो, आणि पी[१६४०] बरोबर जागी पडेल. पुढं कधी साध्या पॉइंटरनं शून्य पत्त्यावर लिहिलंस तर प्रोग्रॅम संपताना ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा संदेश येईल. डेटा सेगमेंटच्या सुरुवातीचे काही बाइट बदललेत का एवढंच टर्बो सी शेवटी तपासतो. तो दिसला तर दुर्लक्ष करू नकोस.

दुसरं. इनपी म्हणजे पीक नव्हे. ताईंच्या ६५०२ वर पोर्ट मेमरीतच होते, पण इंटेलच्या प्रोसेसरला पोर्टांची वेगळी वस्ती आहे. मेमरीतला ३७९ वेगळा आणि पोर्ट ३७९ वेगळा. बेसिकमध्ये त्यासाठी इनपी आणि आउट, पास्कलमध्ये पोर्ट[ ], टर्बो सीमध्ये इनपोर्टबी. ३७८ हा प्रिंटरचा पोर्ट, ३७९ वर प्रिंटर आपली अवस्था सांगतो, आणि त्यातला ३२ चा बिट म्हणजे कागद संपला. कागद नसताना पगाराच्या पावत्या प्रिंटरकडं पाठवल्या जाऊ नयेत म्हणून मामा आधी विचारत होते. डॉसबॉक्सला खरा प्रिंटर नाही, तिथं या ओळीच्या उत्तरावर विसंबू नकोस.

प्रिंटरचा पोर्ट सगळीकडं ३७८ नसायचा. मोनोक्रोम कार्डावरचा प्रिंटर पोर्ट ३बीसी ला असायचा. मामांनी थेट ३७९ लिहिलंय आणि स्क्रीनला बी८००. म्हणजे उद्यमनगरातल्या त्या ऑफिसात रंगीत कार्डाचं मशीन होतं आणि प्रिंटर वेगळ्या पोर्टवर जोडलेला होता, एवढं वहीवरनं नक्की सांगता येतं. ९०० नंबरच्या ओळीत काय लिहिलंय ते बघ आणि त्या पानाचा फोटो टाक.